खेळातला भेदभाव नेमका कसा चालतो: बाळू पालवणकरांच्या पुण्यापासून आजच्या टर्फपर्यंत

खेळातला वंशभेद म्हटला की प्रेक्षकांतून आलेली शिवी आठवते. जानेवारी २०२१ मध्ये सिडनी कसोटीत मोहम्मद सिराज सीमारेषेवरून चालत आत आला, खेळ काही मिनिटं थांबला आणि सहा प्रेक्षकांना मैदानाबाहेर काढलं गेलं. ती बातमी आपल्याकडे घरोघरी पोचली. ऑक्टोबर २००७ मध्ये वडोदरा आणि मुंबईत ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला पाहून माकडाचे आवाज काढणारे प्रेक्षक आपलेच होते, ही आठवण मात्र फारशी कुणी जपली नाही.

शिवी ऐकू येते, व्हिडिओत सापडते, म्हणून तिची बातमी होते. ती तोंडातून बाहेर पडते तोवर बरंच काही आधीच ठरून गेलेलं असतं: मैदानात कुणाला शिरता येईल, शिरल्यावर त्याने कोणतं काम करायचं, सामन्याच्या मधल्या वेळेत त्याने कुणाशेजारी बसायचं आणि संघाचं नेतृत्व कुणाकडे जाईल. भेदभाव समजून घ्यायचा तर या चार जागी बघावं लागतं. आणि या चारही जागा एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायच्या असतील तर पुण्याबाहेर जायची गरज नाही.

रोलर ओढणारा मुलगा

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणं चर्मकार, मूळ गाव कोकणातलं पालवण. वडिलांची नोकरी लष्कराशी जोडलेली, त्यामुळे मुलं पुण्याच्या छावणीत वाढली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि चेंडूंवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले आणि पगार चार रुपये झाला. तिथे नेट लावणं, खेळपट्टी तयार करणं या कामांबरोबर साहेबलोकांना गोलंदाजी करणं हेही काम होतं. कॅप्टन जे. जी. ग्रेग हा हँपशायर या इंग्लिश काउंटी संघाकडूनही खेळलेला फलंदाज इतरांच्या आधी मैदानावर यायचा आणि एकट्या बाळूंसमोर सराव करायचा. बाद केलंस की दर वेळी आठ आणे, असा त्याचा करार होता, असं सांगितलं जातं. डाव्या हाताची संथ फिरकी, टप्प्यावर विलक्षण ताबा आणि चेंडू दोन्हीकडे वळवण्याची हातोटी, हे सगळं बाळूंनी या तासन्‌तासांच्या गोलंदाजीत कमावलं.

त्या नेटमध्ये त्यांना फलंदाजी मात्र कधी दिली गेली नाही.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचा सगळा उलगडा या एका गोष्टीत आहे. बाळूंच्या हाती बॅट न देणाऱ्या इंग्रजांना जातीचे नियम पाळायचे नव्हते. त्यांच्याकडे त्यांची स्वतःची उतरंड होती. इंग्लंडमध्ये हौशी ‘जंटलमन’ आणि पगारी ‘प्लेअर’ अशी क्रिकेटपटूंची उघड विभागणी होती. बऱ्याच मैदानांवर दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत, मैदानात उतरण्याची दारं वेगळी असत. धावफलकावर हौशी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी आणि पगारी खेळाडूची नंतर छापत. घाम काढणारी गोलंदाजी प्रामुख्याने पगारी माणसाच्या वाट्याला येई, देखणी फलंदाजी आणि कर्णधारपद हौशी माणसाकडे. इंग्लंडने विसाव्या शतकात पहिला पगारी कसोटी कर्णधार नेमला तो थेट १९५२ मध्ये, लेन हटन. ही विभागणी अधिकृतपणे मोडली १९६२ च्या अखेरीस.

हा साचा पुण्यात आला आणि इथल्या जातीच्या उतरंडीवर चपखल बसला. श्रमाचं काम खालच्याने करायचं आणि प्रतिष्ठेचं वरच्याने, हे इथे कुणाला नव्याने शिकवावं लागलंच नाही. खेळातला भेदभाव इतका चिवट का, याचं हे एक मोठं कारण आहे. बाहेरून आलेली उतरंड स्थानिक उतरंडीला मिळते आणि मग ती कुणी लादलेली वाटत नाही, ‘पद्धत’ वाटायला लागते.

मातीच्या भांड्यातला चहा

पूना क्लबातल्या या गोलंदाजाचा बोलबाला झाला, तसा पुण्याच्या हिंदू क्लबासमोर पेच उभा राहिला. गोऱ्यांना हरवायचं तर बाळू हवेत, पण बाळूंना घ्यायचं तर विटाळ होतो. क्लबात वाद झाले. शेवटी तोड निघाली ती अशी, की मैदानावर शिवाशिव नाही, मैदानाबाहेर आहे.

म्हणजे बाळूंनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षकाने झेलायचा, क्षेत्ररक्षकांनी हातोहात परत पाठवायचा. चेंडूने विटाळ होत नव्हता. चहाची वेळ झाली की इतर दहा जण पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा घेत आणि बाळूंना तो पॅव्हेलियनबाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. तोंड धुवायचं असेल तर अस्पृश्य मानलेल्या जातीचाच एक नोकर मैदानाच्या कोपऱ्यात वरून पाणी ओतणार.

ही तडजोड कर्मठ होती असं म्हणून सोडून देता येत नाही. तिच्यात एक हिशेब होता. माणसाचं कौशल्य घ्यायचं आणि माणूस बाहेर ठेवायचा. मेहनतीने जे मिळतं ते संघाचं, अपमान त्या एकट्याचा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी ही विसंगती त्याच काळात जाहीरपणे दाखवून दिली होती. बाळूंबरोबर खेळता येतं, तर त्यांच्याबरोबर जेवायला आणि चहा प्यायला काय हरकत आहे, असा त्यांचा रोख होता.

सार्वजनिक ठिकाणी अशी वागणूक गुन्हा ठरवणारा कायदा, आजचा नागरी हक्क संरक्षण कायदा, लागू झाला १ जून १९५५ रोजी. सार्वजनिक उपाहारगृहातली भांडी वापरू न देणं हा त्यात नावानिशी नोंदलेला गुन्हा आहे. बाळू वारले ४ जुलै १९५५ रोजी. सगळी कारकीर्द आणि त्यानंतरची जवळजवळ सगळी हयात उलटून गेल्यावर कायदा आला.

हीच तडजोड हजारो मैलांवर, वेगळ्या खेळात, वेगळ्या कायद्याखाली जशीच्या तशी भेटते. सेवसंकर ‘पापवा’ सेवगोलम हा दक्षिण आफ्रिकेतला भारतीय वंशाचा गोल्फपटू. कॅडी म्हणून इतरांच्या पिशव्या वाहत तो खेळ शिकला. नेहमीच्या उलट, म्हणजे खालचा-वरचा हात अदलाबदल करून तो काठी धरायचा आणि त्याच पकडीने त्याने डच ओपन ही स्पर्धा तीनदा जिंकली. १९६३ मध्ये दरबानच्या क्लबवर तो नाताळ ओपन जिंकला. क्लबच्या इमारतीत गौरेतरांना प्रवेश नव्हता. बाहेर पाऊस होता. हरलेले गोरे खेळाडू आत छपराखाली आणि विजेता बाहेर भिजत उभा, अशा अवस्थेत त्याच्या हातात चषक दिला गेला. तो फोटो जगभर गेला आणि वर्णभेदी राजवटीविरुद्धच्या क्रीडा-बहिष्काराला त्याने बळ दिलं. पुण्याच्या मैदानाबाहेरच्या चहाचा फोटो कुणी काढला नव्हता.

विकेट मोजल्या, कर्णधारपद दिलं नाही

१८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला गेले. तिथल्या हिंदू जिमखान्यातही त्यांना घेण्यावरून कुरबुर झाली, पण घेतलं गेलं. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना हरवलं. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२, विजय १०९ धावांनी. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच बळी घेतले. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण पस्तिशीतल्या बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी टिपले. प्रथम श्रेणीतली त्यांची एकूण नोंद ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१.

इतकं सगळं असूनही बाळू हिंदू संघाचे कर्णधार कधी झाले नाहीत.

हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन अशा चार संघांची १९२० ची चौरंगी स्पर्धा या बाबतीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला बाळूंना संघातूनच वगळलं. कर्णधारपद एम. डी. पै यांच्याकडे गेलं. पै आजारी पडले, तेव्हा संघात शिवराम आणि विठ्ठल हे बाळूंचे दोन भाऊ होते, दोघेही अनुभवी. तरी जबाबदारी त्यांच्याकडे आली नाही. दोघांनी संघातून माघार घेतली आणि जाहीर पत्रक काढून कारण सांगितलं: आपल्याला डावललं जातंय ते जातीमुळे. वृत्तपत्रांत वादंग झाला. अंतिम सामन्यासाठी भाऊ परत आले, बाळूंना घेऊन उपकर्णधार केलं गेलं आणि पै काही काळ मैदानाबाहेर गेले, जेणेकरून तेवढा वेळ तरी बाळूंनी संघ चालवावा. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत त्यांच्या वाट्याला आलेलं नेतृत्व इतकंच. पै यांनी मन मोठं केलं हे खरंच, पण निवड समितीने केलं नाही, हेही तितकंच खरं.

१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी स्पर्धा जिंकून दिली. विठ्ठल फलंदाज होते. भावांपैकी नेतृत्वापर्यंत पोचला तो बॅट हाती असलेला भाऊ, ही गोष्ट नेटमधल्या त्या चार रुपयांच्या नोकरीशी जोडून पाहावी असं आम्हाला वाटतं. अर्थात मधल्या तीन वर्षांतला तो निषेध आणि देशातलं बदललेलं वारं यांचाही त्यात वाटा होता.

वेस्ट इंडिजचं चित्र फार वेगळं नव्हतं. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या जिवावर उभा असलेला हा संघ १९२८ पासून कसोटी खेळत होता आणि कर्णधार गोरे असत. १९४८ मध्ये जॉर्ज हेडली यांना एका कसोटीपुरतं नेतृत्व मिळालं. पूर्ण मालिकेसाठी कृष्णवर्णीय कर्णधार नेमला गेला १९६० मध्ये, फ्रँक वॉरेल. त्यासाठीही वृत्तपत्रांतून मोहीम चालवावी लागली. म्हणजे बत्तीस वर्षं चेंडू टाकायला आणि धावा करायला ते चालत होते, नाणेफेकीला जायला चालत नव्हते.

दक्षिण आफ्रिकेचा इतिहास आपण ‘वर्णभेद, बहिष्कार, १९९१ मध्ये ईडन गार्डन्सवर पुनरागमन’ एवढ्यावर उरकतो. मुळात वर्णभेदाचे कायदे १९४८ नंतरचे आहेत, क्रिकेटमधली बंदी त्याहून जुनी आहे. १८९४ मध्ये इंग्लंड दौऱ्यासाठी क्रॉम हेंड्रिक्स या मिश्रवंशीय वेगवान गोलंदाजाचं नाव पुढे आलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याला खेळलेल्या इंग्लिश फलंदाजांनी त्याची तारीफ केली होती. सामान सांभाळणारा नोकर म्हणून तो आला तर चालेल, अशी सूचना झाली. हेंड्रिक्सने नकार दिला. त्याला वगळण्यात आलं. त्या वेळी केप वसाहतीचे पंतप्रधान होते सेसिल ऱ्होड्स आणि क्रिकेटची सूत्रं होती त्यांच्या जवळच्या विल्यम मिल्टन यांच्या हाती. कायदा नव्हता, समिती होती. १८८९ पासून कसोटी खेळणाऱ्या या देशाकडून पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी कसोटीपटू, मखाया एन्टिनी, उतरला १९९८ मध्ये. बहिष्काराआधीच्या काळात हा संघ इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याखेरीज कुणाशीही कसोटी खेळला नाही. १९३२ पासून कसोटी खेळणारा भारत साठ वर्षं त्यांच्या खिजगणतीत नव्हता. आपल्या बाजूने एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे: १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारतासमोर दक्षिण आफ्रिका होती. भारताने खेळायला नकार दिला आणि चषक सोडून दिला.

बाळू विस्मरणात का गेले

ते खेळले तेव्हा भारत कसोटी खेळत नव्हता, हे एक कारण झालं. क्रिकेटचा इतिहास कसोटीच्या आकड्यांवर लिहिला जातो, त्यामुळे १९३२ पूर्वीचा माणूस तळटिपेत जातो. रणजी, दुलीप, देवधर ही नावं राष्ट्रीय स्पर्धांना मिळाली. बाळूंचं नाव कुठल्याही राष्ट्रीय स्पर्धेला मिळालं नाही.

दुसरं कारण अवघड आहे. बाळू एका काळी दलित समाजाचे पहिले मोठे लोकनायक होते आणि तरुण भीमराव आंबेडकरांना त्यांच्याविषयी आदर होता. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवडा तुरुंगात झालेल्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे. १९३७ च्या मुंबई विधिमंडळ निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांसमोर उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. या लढतीनंतर बाळू कुणालाच पूर्णपणे आपले वाटेनात. सवर्णांच्या क्रिकेट-इतिहासाने त्यांना फिरकी गोलंदाज एवढंच ठेवलं आणि चळवळीच्या इतिहासात त्यांची नोंद विरोधी उमेदवार म्हणून झाली. ज्या माणसाला मैदानाबाहेर चहा दिला गेला, त्याला त्या एका निवडणुकीवरून तोलणं अन्यायाचं आहे.

आज हा भेदभाव कुठे दिसतो

पुण्यात ईशान्य भारतातून आणि आफ्रिकी देशांतून शिकायला आलेल्या मुलामुलींची संख्या मोठी आहे. शनिवार-रविवारी बाणेर, कोंढवा, विमाननगरच्या टर्फवर फुटबॉल पाहिलात तर संघांची सरमिसळ दिसेल. हाका ऐकल्यात तर ‘काळ्या’, ‘चिंकी’ हेही ऐकू येईल, आणि विचारलंत तर ‘प्रेमाने म्हणतो’ असं उत्तर येईल. २०२० मध्ये वेस्ट इंडिजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमीने सांगितलं की आयपीएलमध्ये सहकारी आपल्याला ‘कालू’ म्हणत आणि त्याचा अर्थ आपल्याला फार उशिरा कळला. तोवर तोही हसत होता. समोरचा हसतोय म्हणजे त्याला चालतंय, हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो. संघात टिकायचं असलेला माणूस हसतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतीय महिला हॉकी संघ उपांत्य फेरीत हरला, तेव्हा वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिवीगाळ झाली. त्याच स्पर्धेत तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. जिंकलं की देशाची लेक आणि हरलं की जात, हा प्रकार जगभर तसाच चालतो. २०२१ च्या युरो अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या तिघा कृष्णवर्णीय इंग्लिश खेळाडूंवर समाजमाध्यमांतून असाच हल्ला झाला.

समालोचनातली विशेषणं कानावर घ्या. आफ्रिकी खेळाडू ‘ताकदवान’, ईशान्येचा ‘चपळ’, दुसरा कुणी ‘डोकं लावून खेळणारा’. कौतुकच आहे, पण एकाच्या यशाचं श्रेय शरीराला दिलं आणि दुसऱ्याच्या यशाचं बुद्धीला, की पुढे कर्णधार आणि प्रशिक्षक निवडताना कुणाचं नाव सुचणार हे ठरून जातं.

घटना घडली तर काय करायचं

क्लब, सोसायटी लीग किंवा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा भरवणाऱ्यांना एक फरक माहीत असायला हवा. फुटबॉलच्या नियम १२ नुसार अपमानास्पद किंवा शिवराळ भाषेला थेट लाल कार्ड आहे. क्रिकेटमध्ये तसं नाही. २०१७ पासूनच्या नियम ४२ मध्ये गैरवर्तनाच्या चार पातळ्या आहेत आणि अपमानास्पद भाषा सर्वांत खालच्या, पहिल्या पातळीत मोडते, गंभीर अपमान असेल तर दुसऱ्या. पहिल्या पातळीत पहिल्यांदा ताकीद, पुन्हा घडलं तर पाच धावांचा दंड; दुसऱ्या पातळीत थेट पाच धावांचा दंड. जातिवाचक शिवीला ताकीद किंवा पाच धावांच्या दंडावर सोडायचं नसेल तर स्पर्धेच्या स्वतःच्या नियमावलीत स्वतंत्र कलम लिहावं लागतं, आणि ते प्रवेशअर्जावर छापून कर्णधारांची सही आधीच घ्यावी लागते. कलम साधं असू द्या: जात, वंश, वर्ण, धर्म, प्रांत, भाषा किंवा लिंग यांवरून अपमान करणारा शब्द, आवाज वा हावभाव केल्यास खेळाडू उरलेल्या सामन्यातून बाहेर, बदली खेळाडू नाही, आणि सात दिवसांत तिघांच्या समितीपुढे सुनावणी. त्या तिघांपैकी एक जण क्लबाबाहेरचा.

प्रत्यक्ष घटना घडली की बहुतेक ठिकाणी एकच चूक होते. पंच दोघांना जवळ बोलावतात, हात मिळवायला लावतात आणि खेळ सुरू करतात. दहा मिनिटांनी साक्षीदार पांगलेले असतात आणि संध्याकाळपर्यंत ‘कुणी काही ऐकलंच नाही’ असं ठरतं. त्याऐवजी खेळ थांबवा. षटक आणि चेंडू, किंवा मिनिट, लिहून घ्या. उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहा. ‘आक्षेपार्ह शब्द वापरले’ अशी नोंद पुढे काही कामाची राहत नाही. जवळ उभ्या असलेल्या दोघा-तिघांची नावं घ्या, धावलेखकाच्या वहीत वेळेसह नोंद करा आणि दोन्ही कर्णधारांची सही घ्या. शिवी प्रेक्षकांतून आली असेल तर फुटबॉलमधली तीन टप्प्यांची पद्धत कुठल्याही खेळात चालते: आधी खेळ थांबवून घोषणा, पुन्हा घडलं तर संघ काही काळ आत, तिसऱ्यांदा सामना रद्द.

कुणी मोबाईलवर चित्रण केलं असेल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये जपून ठेवायला सांगा. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत दाबलेली असते, तिच्यातली वेळेची माहिती निघून जाते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ते मूळ फाइलवरून बनवणं सोपं जातं. चित्रफीत कापून, त्यावर मजकूर चढवून टाकण्याचा मोह आवरा.

ज्याचा अपमान झाला तो अनुसूचित जाती वा जमातीचा असेल आणि करणारा तसा नसेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(१) (आर) आणि (एस) लागू होतं. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. तपास उपअधीक्षक दर्जाच्या, म्हणजे पुणे शहरात सहायक पोलीस आयुक्त दर्जाच्या, अधिकाऱ्याकडे जातो. मात्र या दोन्ही उपकलमांत एक शब्दप्रयोग निर्णायक आहे: घटना ‘सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ घडलेली असली पाहिजे. मैदानावर, इतरांच्या कानावर पडेल अशी शिवी त्यात बसते. बंद ड्रेसिंग रूममध्ये, तिऱ्हाईत कुणी नसताना झालेली शिवीगाळ न्यायालयात टिकेलच असं नाही. साक्षीदारांची नावं ताबडतोब घ्यायची ती यासाठीच. पोलीस ठाण्यात टाळाटाळ झाली तर १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

आफ्रिकी किंवा ईशान्येकडच्या खेळाडूसाठी असा स्वतंत्र कायदा नाही, ही मोठी उणीव आहे. (ईशान्येतला खेळाडू अनुसूचित जमातीचा असेल तर वरचा कायदा तपासून पाहावा.) भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२, म्हणजे शांतताभंग होईल असा हेतुपुरस्सर अपमान, एका व्यक्तीला दिलेल्या शिवीला लागू शकतं. कलम १९६ गटागटांत वैर पसरवण्याविषयी आहे. घोळक्याने केलेल्या घोषणाबाजीला ते जवळचं आहे.

तक्रार केलेल्या खेळाडूला पुढच्या सामन्यात ‘त्याच्याच भल्यासाठी’ बसवू नका. हे हटकून घडतं, आणि ते एकदा घडलं की त्या क्लबात दुसरी तक्रार येत नाही.

धावलेखनाच्या वह्या उघडा

शिवीपेक्षा खोलवरचं काही शोधायचं असेल तर क्लबाच्या किंवा अकादमीच्या गेल्या तीन हंगामांच्या वह्या बाहेर काढा. प्रत्येक खेळाडूसमोर चार रकाने करा: फलंदाजीचा सरासरी क्रमांक, टाकलेली षटकं, राखीव म्हणून किती सामने, कर्णधार वा उपकर्णधार किती वेळा. पाचवा रकाना, मूल फी भरून आलंय, फी माफीवर आलंय की वसतिगृहातून, याचा. मग एकच प्रश्न विचारा: सारखीच सरासरी असलेल्या दोघांपैकी वर कोण खेळतो? एका हंगामाच्या आठ-दहा सामन्यांवरून काही ठरवू नका, तेवढ्यात योगायोगही असू शकतो. तीसेक सामने झाल्यावर आकृती दिसायला लागते.

बहुधा दिसेल ते असं. इंग्लिश विलोची बॅट, पॅड, हेल्मेट घेऊ शकणारी मुलं फलंदाज होतात. ज्यांच्याकडे बुटांखेरीज काही नाही ती गोलंदाज. ती मुलं नेटमध्ये तास-दीड तास चेंडू टाकतात आणि त्यांच्या फलंदाजीची पाळी येते तेव्हा अंधार पडलेला असतो, पाच मिनिटं मिळतात, तीही जुन्या चेंडूवर. यात कुणाचा वाईट हेतू असेलच असं नाही. नेटचं वेळापत्रक कुणी लिहूनच ठेवत नाही, म्हणून ते नेहमीच्याच दिशेला घरंगळतं.

उपाय खर्चिक नाही. क्लबाचं म्हणून सामाईक साहित्याचे दोन संच ठेवा, एक उजव्या हाताच्या खेळाडूसाठी, एक डावखुऱ्यासाठी. ते कुणी मागायला लागू नये म्हणून नेटजवळच ठेवा. नेटच्या जाळीला एक फळा अडकवा आणि सरावाला सुरुवात होण्याआधी त्यावर फलंदाजीचा क्रम आणि प्रत्येकाची मिनिटं लिहा. कालच्या गोलंदाजांना आज आधी फलंदाजी. वेळ प्रशिक्षकाऐवजी एखाद्या मुलाच्या हाती घड्याळ देऊन मोजा. सहा महिन्यांनी पुन्हा तेच पाच रकाने भरा. क्रमांक हललेले नसतील तर ती वही निवड समितीच्या बैठकीत टेबलावर ठेवा आणि नावं घेऊन विचारा.